उशीपट्टी

खूप खूप जुन्या काळी, डोंगरसुद्धा वयानं लहान होते म्हणे तेव्हा, एका तळ्याकाठी एक गाव होतं. पहाटे धुक्यात त्या तळ्यातली कमळं उमलायची. उमलताना अगदी हलका आवाज व्हायचा, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. तो ज्याच्या कानावर पडे, त्याचं मन हलकं होई. म्हणून लांबलांबून माणसं यायची आणि काठावरच्या धर्मशाळेत एक रात्र मुक्काम करायची.

धर्मशाळा एक बाई चालवायची. सगळं गाव तिला आक्का म्हणे. तिचं पोट त्या धर्मशाळेवरच. उतरलेला प्रत्येक पाहुणा उशीमागे एक पैसा आक्काच्या हातून गावाला द्यायचा. ती उशीपट्टी. राजाची ताकीद एकच होती, पाहुण्याचा पैसा पाहुण्याच्याच कामी लावायचा. त्यातून दरवर्षी तळ्यातलं शेवाळ काढत, नाहीतर कमळं गुदमरली असती.

पुढे गावाला नवा पाटील मिळाला. माणूस वाईट नव्हता हो, पण गाव नटवायची भारी हौस.

"आक्का, यंदा उशीपट्टीतून चावडीला छप्पर घालू."

"चावडीत पाहुणे झोपतात का, पाटील?"

"समोरून जातात की! त्यांच्या डोळ्यांना बरं दिसेल."

छप्पर झालं. पुढच्या वर्षी पाटलाच्या गोठ्याला भिंत झाली.

"आता गोठ्यात कोण पाहुणा उतरणार?" आक्कानं विचारलं.

"मग पाहुण्यांना दूध काय तुम्ही देता?" पाटील म्हणाला. गाव खो खो हसलं. हसणारच, त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या अंगणांत फरश्या बसायच्या होत्या ना!

"आणि शेवाळ?"

"तळं कुठं पळून चाललंय, आक्का?"

तळं पळालं नाही. ते नुसतं हिरवं होत गेलं, आणि गप्प.

एके दिवशी एक तरुण बाई आली. तिचं तान्हं मूल गेलं होतं. सात दिवस चालून आली होती बिचारी. पहाटे धुक्यात काठावर कान देऊन बसली. धुकं विरलं, ऊन डोक्यावर आलं, तरी बसलेलीच. शेवटी आक्काला म्हणाली, "माझेच कान मेले असतील हो."

आक्काला भडभडून आलं. "तुझे कान धड आहेत गं बाई. आमची कमळंच उरली नाहीत." तिनं त्या बाईचा पैसा तिच्या हातात परत ठेवला, आणि तशीच चावडीवर गेली.

"पाटील, उद्यापासून माझ्या दाराला कुलूप. जे द्यायला आपल्याकडे नाही, त्याचे पैसे मी घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे उशांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती धुक्यातून डोंगरापलीकडे निघून गेली. पाहुणेही यायचे थांबले. गोठ्यातलं दूध नासू लागलं. पाटील नव्या छपराखाली बसून वाटेकडे बघत राही. वाट छान दिसायची तिथून. तिच्यावर कुणी नसायचं.

म्हणून सांगते, ज्याच्या नावानं पैसा घ्यावा, तो त्याच्याच कामी लावावा.