शेठची न बुडणारी होडी

होडी बुडू नये म्हणून मुणगेकर शेठ तळाच्या फळ्यांखाली फोम भरून शिडाच्या होड्या बांधायचा. त्यातल्याच एकीत पाणी शिरलं आणि दिगूचा थोरला भाऊ यशवंत गेला. दहाव्याला शेठ धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, “होडी बुडाली नाही. यशवंतालाच ती चालवता येत नव्हती.”

दिगूच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने तीच होडी धक्क्याजवळच्या पाण्यात ओढून आणली आणि पाण्याने काठोकाठ भरली. ती तरंगत राहिली.

“बघितलंस?” शेठ हसला.

“बघितलं. आता तुम्ही बसा. तुम्हाला येते ना चालवता?”

गाव बघत होता. शेठला बसावंच लागलं. पाणी भरलेल्या होडीत तळाचा फोम वर यायला बघत होता, त्यात माणसाचं वजन वर पडलं. होडी गर्रकन पालथी झाली. गळाभर पाण्यात शेठ ओरडला, “दिगू, हात दे!”

“आधी सांगा, चूक कुणाची?”

“होडीची रे, होडीची!”

“मोठ्याने सांगा. आई लांब बसलीय.”