गळलेली ओळ

“...पण तपासणीला तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो म्हणतात. खरं का, बाबाजी?”

“कोण म्हणतं?”

“पुड्या देणारे वैद्य.”

“पुड्या विकणारा दुसरं काय म्हणणार?”

सारंगधर मान चाचपू लागला. हातानं पोथ्या उतरवणाऱ्या त्या मठात त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. तीन महिने त्याच्या जिभेच्या कडेला फोड होता. डॉक्टरांनी तुकडा तपासू म्हटल्यापासून तो दवाखान्याकडं फिरकला नव्हता. आता मानेत हरभऱ्याएवढी गाठ लागत होती. दिवसातून वीसदा तो ती चाचपायचा.

“करणी कुणी केली, तेवढं तरी सांगा.”

“कुणी नाही. शरीर रोज आपल्या पेशींच्या नकला उतरवतं. एक नक्कल चुकली. कुठं थांबायचं, तेवढंच गळलं. बाकी सगळं तुझंच आहे.”

“गळलं? वीस वर्षांत माझ्या हातून एक ओळ गळलेली नाही.”

बाबाजींनी रुमाल सोडून एक पोथी त्याच्यापुढं उघडली. अक्षर त्याचंच होतं. मधली एक ओळ नव्हती.

सारंगधरनं ते पान दोनदा वाचलं.

“ही... कुणी उतरवून नेली का?”

“पाच मठांनी. त्यांच्याकडून आणखी कुणी नेली, कुणास ठाऊक.”

“आणि तुम्ही बसून राहिलात? आजच माणसं धाडा. चुकलेली पानं काढून टाका. शेजारची दोन चांगली गेली तरी चालतील. अजून कुणी उतरवायच्या आत...”

तो थांबला. हात मानेकडं गेला होता.



“कॅन्सरचं ते औषध भराभर वाढणारं सगळंच मारतं म्हणे,” सारंगधर पुटपुटला. “केससुद्धा जातात. एवढं सोसून माणूस उरतो का?”

मठात सगळ्यांचीच डोकी तुळतुळीत. बाबाजी दर तीन आठवड्यांनी शहरात जात, कशाला ते कुणी विचारलं नव्हतं.

बाबाजी खिडकीच्या उजेडात सरकले.

त्यांना भुवया नव्हत्या. पापण्यांनाही एक केस नव्हता.

“बाबाजी... कधीपासून?”

“माझं तोंड तू रोज सकाळी पाहतोस, सारंगा.”

त्यांनी पोथी पुन्हा रुमालात बांधली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“बाराची एसटी आहे. दौत-लेखणी बरोबर घे. दवाखान्यात रांग फार मोठी असते.”