सरजा सुईण आणि पलीकडचे शब्द

फाल्गुन वद्य पंचमी. आभाळ निरभ्र, दुपारपासून कोरडा वारा. साल कुणालाच ठाऊक नाही. तिथी आणि वारा मात्र आमच्या नदीकाठी सगळे सांगतात.

त्या दिवशी पलीकडच्या काठावर मल्लम्माचं मूल जन्मतानाच गेलं. सुईण होती अलीकडची, सरजाबाई. अलीकडे मराठी, पलीकडे तेलुगू. कळा सोसताना मल्लम्मा पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होती, पण सरजाला एक अक्षर कळलं नाही. नावाडी लिंगय्या दोन्ही भाषा बोले. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर वैशाखात कळलं, मल्लम्माला पुन्हा दिवस गेलेत. सरजा रोज नावेत बसू लागली.

"सरजाबाई, केस पिकल्यावर भाषा शिकता होय?" लिंगय्या म्हणाला.

"तुला आत नेता येत नाही ना, मग काय करू?"

तिनं त्याच्याकडून एकच प्रश्न घेतला: "इदेमिटि?" म्हणजे, हे काय? पलीकडे उतरलं की मराठी बंद. भात कांडणाऱ्या बायकांत बसून ती मुसळाला, सुपाला, कोंबडीला हात लावून विचारी. रोज सहा शब्द, पदराला सहा गाठी. परतताना शब्द आठवला की गाठ सोडायची, नाही आठवला तर तशीच ठेवायची. असं म्हणतात, पहिले काही दिवस त्या गाठींच्या भारानं नाव खोल बुडून चालायची.

दोन महिन्यांत घरातली सगळी भांडीकुंडी तिला पाठ झाली. मग मल्लम्माची सासू तेलुगूत म्हणाली, "अगं बाई, बाळंतपण काय सुपात करणार आहेस?" बायका खो खो हसल्या. सरजाला समजलं, म्हणून तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती दुखणेकऱ्यांपाशी बसू लागली. कुठं दुखतं, कसं दुखतं, राहून राहून की सारखं? असं म्हणतात, तिला सांगता सांगताच निम्मी दुखणी पळायची.

कार्तिकात मल्लम्माच्या कळा सुरू झाल्या. "नडुमु," ती कण्हली, म्हणजे कंबर. "पोट नाही गं, कंबर फुटतेय." मागच्या खेपेलाही ती हेच सांगत होती. मूल आईच्या पाठीला पाठ लावून अडलंय, हे सरजानं आता ओळखलं. सरजानं तिला उठवलं, हातागुडघ्यांवर ओणवं केलं आणि कंबर दाबत राहिली. असं म्हणतात, पोटातलं मूल फिरेपर्यंत नदी जागच्या जागी थांबली होती.

मुलगी झाली. सरजा तिच्या कानात तेलुगूत म्हणाली, "रा." चार शब्द मल्लम्मानंही शिकून ठेवले होते; ती मराठीत म्हणाली, "ये."

अजूनही सरजाच्या नावानं दोन्ही काठांवर तान्ह्या बाळाच्या कानात पहिला शब्द पलीकडच्या भाषेतला सांगतात. यंदा अलीकडे सात बाळंतपणं झाली, पलीकडे नऊ. सोळाही बाळांच्या कानात तो सांगितला.