दोन जावा, दोन दारं

रस्त्यावर मोटारींपेक्षा बैलगाड्या जास्त होत्या, तेव्हाची गोष्ट. मिरजेत एक लाल इटालियन मोटार होती. तिच्या इंजिनात झडपा उघडणाऱ्या दोन कॅमशाफ्ट जावांसारख्या नांदत. थोरली धुराला बाहेर जायचं दार उघडायची, धाकटी ताज्या हवेला आत यायचं. धूर पुरता निघायच्या आतच धाकटीचं दार उघडे.

"माझे पाहुणे उंबऱ्यात असतानाच तुझे घुसतात!" थोरली कडाडली. "माझं दार लागेपर्यंत थांबायचं."

धाकटी रुसली आणि दोघींना फिरवणाऱ्या साखळीवर दोन दात मागे सरकून बसली.

झालं! दंडोबा डोंगराच्या चढावर मोटार धापा टाकत थांबली. मागची बैलगाडी घुंगरं वाजवत पुढे गेली.

बाबालाल मिस्त्रींनी झाकण उघडलं. "जागा कुणी सोडली गं?" म्हणत त्यांनी धाकटीला पुन्हा खुणेवर आणलं.

"म्हणजे परत दोन्ही दारं उघडी?" थोरली फणकारली.

"वहिनी," साखळी म्हणाली, "तुमचा धूर जाता जाताच तिच्या हवेला आत ओढतो."

मोटार पुन्हा निघाली. चढावर ती बैलगाडी दिसताच थोरलीनेच धाकटीला हाक मारली, "अगं, उघड ना लवकर! माझे निघाले."