धड चालणाऱ्यांच्या घरी

"आता तेलात आणखी कुठली मुळी घालू, बाबा?" डोमाजीनं विचारलं. "एकेचाळीस जण लुळे पडले. रोज पहाटे चोळतो. एकाच्याही पायात जीव येत नाही."

मठातले त्याचे गुरू नथ्थूबुवा माळ ओढत ऐकत होते.

दोन वर्षं पावसानं दगा दिला, तेव्हा शिवारात तगली ती फक्त लाखोळी, कोरड्या रानातही येणारं कडधान्य. तिच्याच डाळीवर डोमाजीनं मठात अन्नछत्र मांडलं, सहा महिने एकट्यानं रेटलं. गाव त्याला देवमाणूस म्हणे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते गोड लागे. अशात हे पायांचं दुखणं आलं. चांगले तरणेताठे गडी, गुडघ्यावर गुडघा आदळत खुरडायला लागले.

"धड चालतात त्यांना काय विचारलंस?" बुवा म्हणाले.

"त्यांना काय विचारायचं? त्यांना कुठं काय धाड भरलीय!"

"जा. लुळ्यांना जे विचारशील, तेच त्यांनाही विचार."

डोमाजी तणतणत निघाला. चार दिवस दारोदार फिरला. पाणी कुठलं पिता? झोपता कुठं? खाता काय? पाणी तर सगळ्यांचं एकाच विहिरीचं.

चौथ्या दिवशी तो बुधा आणि सोमा या सख्ख्या भावांच्या घरी गेला. थोरला बुधा खाटेवर, पाय लुळे. धाकटा सोमा हाडांचा सापळा झालेला, पण चालता-फिरता.

"तू काय खाल्लंस रे?"

"मोहफुलं, कंद... मिळेल ते." सोमानं मान खाली घातली. "तुमच्या पंगतीत बसायची लाज वाटायची, महाराज. दादा मात्र रोज यायचा."

डोमाजीच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यानं मनातल्या मनात एकेक घर पुन्हा पालथं घातलं. लुळा झालेला प्रत्येक जण रोजचा पंगतीतला होता. धड राहिलेले बहुतेक कधीमधी येणारे, नाहीतर न येणारेच.

तो धावतच मठात आला. दुपारची पंगत बसली होती.

"बाबा, ती डाळच... माझ्याच हातांनी वाढली हो मी!" तो ढसाढसा रडू लागला. "बरे होतील ना ते?"

"नाही."

"मग हे कळून उपयोग काय?"

बुवा उठले. पंगतीच्या टोकाला एक चिमुरडी घास उचलत होती. बुवांनी तिची पत्रावळ ओढून घेतली. पोर दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

"बियाण्याची ज्वारी काढ. पेज शिजायला टाक."

"वेळ लागेल, बाबा. तोवर उपाशी पोर रडत राहील..."

बुवांचेही डोळे भरून आले होते.

"रडू दे. उभी राहून रडतेय."