शववाहिकेवरचा फोटो

मैत्री सेवा क्लबच्या सभासदांनी घरोघरची रद्दी विकून गावासाठी शववाहिका घेतली. अध्यक्ष बापूसाहेब गुजर पेंटरला म्हणाले, "समोर माझा मोठा फोटो, खाली ठळक नाव!"

दुःखात बुडालेल्या घरापुढे यांची जाहिरात उभी राहणार, या विचाराने क्लबमधल्या कॉलेजकन्या शाल्मलीचं डोकंच फिरलं. ज्येष्ठ सभासद मात्र आपापल्या चपला न्याहाळत होते. अध्यक्षांना बोलणार कोण?

शाल्मली गोड हसली. "काढूया की, बापूसाहेब! फक्त गाडी रस्त्याला लागली, की लोक फोटोला हात जोडतील आणि विचारतील, 'अरेरे, बापूसाहेब कधी गेले?'"

बापूसाहेबांनी घाईघाईने पेंटरचा हात धरला.

"नुसता फोन नंबर लिही रे," ते म्हणाले, "आणि तोही माझा नको!"