विसावे पान

एका गावात पत्त्यांचा एक वेगळाच खेळ खेळत. दरवर्षी जत्रेत गावचे चौघे मिळून एका बाजूला बसत आणि समोर राक्षसाची गड्डी पालथी ठेवलेली असे. प्रत्येकाने तलवार, ढाल, विषाचा उतारा अशी आपली वीस पाने घरून जुळवून आणायची; हवे तर आपले पान सोबत्याला द्यायचे. राक्षस पडला तर चौघेही जिंकले. चौघांपैकी एक जरी पडला, तरी चौघेही हरले.

ज्याच्या पानाने राक्षस पडे, त्याच्या पगडीत गाव मोरपीस खोवी. बारा पिसे झाली की चितारी त्याचा चेहरा नव्या पानावर रंगवणार होता. हा मान अजून कोणाला मिळाला नव्हता. जिवाजी सुताराकडे अकरा पिसे होती.

चौथ्या जागेवर सदोबा बसत. वीस वर्षांत त्यांना एकही पीस मिळाले नाही. लोक थट्टा करत, "सदोबा, तुम्हाला पाहून मोर वाट बदलतो की काय?"

"बदलू दे की," सदोबा म्हणत, "त्यालाही पिसं लागतातच."

सदोबा वारले. त्यांच्या जागी कुंडलिक नावाचा तडफदार गडी आला. आता चारही गड्ड्यांत नुसत्या तलवारी झाल्या. लागोपाठ दोन वर्षे गाव हरले. तिसऱ्यांदा हरले तर जत्रेतली गावाची बैठक कायमची जाणार होती.

"नशीब फिरलं," चौघांतला बहिर्जी म्हणाला.

चौघांत थोरली असलेली रखमा म्हणाली, "नशिबाला कशाला बोल लावतोस? सदोबा काय करत होता, ते आपण कधी पाहिलंच नाही."

जिवाजी सदोबांच्या घरी गेला. "वहिनी, दादांची गड्डी द्याल का?"

"ती त्यांच्याबरोबरच दिली, भावोजी."

जिवाजीने विचारले, "त्यात काय असायचं, आठवतं?"

"मला पानं कळत नाहीत. पण जुळवताना ते तुमची नावं घेत. जिवाजी पुढचं न बघता धावतो, त्याला ढाल. बहिर्जीला विषाची भीती, त्याला उतारा. रखमाबाईंच्या तलवारी लवकर संपतात, त्यांना दोन जास्तीच्या."

"आणि स्वतःसाठी?"

"स्वतःचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही."

जिवाजी आपल्या ओसरीवर पाने पसरून बसला. एकेकाला आठवत त्याने एकोणीस पाने जुळवली. विसाव्या पानापाशी हात थांबला. एका हातात त्याची सोनेरी तलवार होती, तिने अकरा राक्षस पाडले होते. दुसऱ्या हातात विषाचा आणखी एक उतारा होता. "मला विष चढतच नाही," असे कुंडलिक सगळ्यांना सांगत फिरे आणि स्वतः उतारा आणत नसे, त्याच्यासाठी. जिवाजीची पन्नाशी उलटली होती. तलवार घरी राहिली, तर बारावे पीस कदाचित कधीच मिळणार नव्हते. दुपार कलली, तेव्हा त्याने तलवार फडक्यात गुंडाळून ठेवली.

जत्रेत राक्षसाने पहिले विष बहिर्जीला दिले. जिवाजीचा पहिला उतारा तिथेच संपला. शेवटच्या फेरीत दुसरे विष निघाले, ते कुंडलिकवर. तो पांढराफटक पडला. हातात तलवार होती, पण ती चालवण्याआधीच तो पडणार होता. जिवाजीने विसावे पान त्याच्यापुढे टाकले.

"घाबरू नकोस. घे, आणि मार."

कुंडलिकने तलवारीचे पान राक्षसावर टाकले. राक्षस पडला.

गावाने कुंडलिकला खांद्यावर घेतले आणि पीस त्याच्या पगडीत खोवले. जिवाजीची पिसे अकराच राहिली, त्या दिवशी आणि पुढेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक ओसरीवर आला. "काका, मलाही असली गड्डी जुळवायला शिकवाल?"

"बैस. आधी सांग, आमच्यात कोणाची काय खोड तुझ्या ध्यानात आली?"

"तुमच्यापासून सुरू करू?"

जिवाजी मोठ्याने हसला. "कर. पण जपून बोल."

तात्पर्य: सोबत्याला कुठे उणे पडेल हे आधी ओळखून जो तयारी करतो, त्याचे नाव होवो न होवो, त्याच्याच आधाराने सगळे तरतात.